बारा दिवसांचा उशीर



या व्याख्यानमालेला माझ्या सरांचं नाव आहे, पण इथं सरांबद्दल बोलायचं नाही, अशी अट त्यांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, पहिल्या वर्षीच घातलेली आहे. "त्यांचं कौतुक ऐकायला ते नाहीत, आणि मला ते पाठ आहे," असं त्या म्हणाल्या होत्या. अट मान्य करूनच मी उभा आहे. एकदोनदा मोडेन, तेवढं काकूंनी चालवून घ्यावं. आज बोलायचंय ते हॅरॉल्ड जॉन्स या कॅनडातल्या माणसाबद्दल. त्याचं जाडजूड पुस्तक सरांच्या टेबलावर कायम उघडं पडलेलं असायचं, चहाच्या कपाचे डाग असलेलं.

पण आधी एका आजींची गोष्ट. रेडिओथेरपीला आपल्याकडे पेशंट 'शेक' म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे. कुणी 'लाइट' म्हणतात, पण मराठवाड्यातून येणारी मंडळी 'शेक'च म्हणतात. परभणीकडच्या एक आजी तिसऱ्या दिवशी यंत्राखालून उतरल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाबा, खरं सांग. मशीन बंद तर नव्हतं? मला काहीच गरम लागलं नाही."

आजींचा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता. रोजचा नेहमीचा डोस असतो २ ग्रे. २ ग्रे म्हणजे एक किलो ऊतीत २ ज्यूल ऊर्जा. तेवढ्या ऊर्जेनं पाण्याचं तापमान वाढतं ते एका अंशाच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्यानं. चहाच्या एका घोटात याहून कितीतरी जास्त 'शेक' असतो. तरीही असे पंचवीस डोस पाच आठवड्यांत दिले की गाठ विरघळते, आणि ते चुकून भलतीकडे गेले तर आतडं जळतं. काम उष्णतेनं होत नाही. किरणांनी सुटे केलेले इलेक्ट्रॉन पेशीतला डीएनए तोडतात, त्यानं होतं. हे पेशंटला जाणवत नाही. डॉक्टरलाही दिसत नाही आणि बटण दाबणाऱ्या टेक्निशियनलाही नाही. सर्जनचा हात चुकला तर त्याला रक्त दिसतं. इथं चूक दिसायला आठवडे जातात, कधी वर्षं. म्हणून हॉस्पिटलात एक माणूस असा लागतो, ज्याचं काम फक्त मोजणं आहे. त्याला मेडिकल फिजिसिस्ट म्हणतात. पस्तीस वर्षं हे काम केल्यावरही माझे शेजारी मला 'एक्स-रेवाले' म्हणतात. ते असो.

जॉन्सचा जन्म ४ जुलै १९१५चा, चीनमधल्या चेंगदूचा. आईवडील मिशनरी होते आणि वडील तिथल्या विद्यापीठात गणित शिकवायचे. पुढं कुटुंब कॅनडाला परतलं. शिक्षण मॅकमास्टर आणि टोरांटोला झालं, १९३९ साली डॉक्टरेट मिळाली. युद्धाच्या काळात एडमंटनला शिकवता शिकवता तो विमानांच्या ओतीव भागांचे एक्स-रे काढून त्यांतल्या चिरा शोधायचा. धातूतल्या चिरा शोधणारा माणूस माणसांतल्या गाठींकडे वळला तो १९४५ साली, सस्काटूनला आल्यावर.

सस्काटून म्हणजे सस्कॅचवान प्रांतातलं गव्हाच्या शेतांमधलं शहर. तिथं एवढं मोठं काम कसं झालं, हे समजायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. टॉमी डग्लस यांच्या सरकारनं त्या प्रांतात चाळीसच्या दशकातच कर्करोगाचा उपचार सरकारी खर्चानं सुरू केला होता. उपचाराचं बिल सरकारच भरत असेल, तर कुठला उपचार लागू पडतो हे शोधण्यात सरकारलाच रस असतो. प्रांताच्या कॅन्सर कमिशननं विद्यापीठातल्या या तरुण प्राध्यापकाला आपला फिजिसिस्ट नेमलं. आपल्याकडे यंत्र आधी येतं, इमारत त्यानंतर, आणि फिजिसिस्टची जाहिरात सर्वांत शेवटी. तिथं माणूस आधी आला.

त्या वेळचा उपचार कसा होता? एक्स-रेची यंत्रं २००–२५० किलोव्होल्टची. त्यांचा सगळ्यात जास्त डोस कातडीवरच बसायचा. दहा सेंटिमीटर आत जाईपर्यंत साधारण तिसरा हिस्सा उरायचा. गर्भाशयमुखाची गाठ असते आत, आणि तिथं पुरेसा डोस पोचवायचा तर कातडी भाजून निघायची. किती डोस द्यायचा हे गाठ ठरवत नसे, कातडी ठरवायची. आपल्याकडे 'शेक' हा शब्द रुळला तो बहुधा त्या भाजण्यामुळेच असावा, असा माझा तर्क आहे. भाषाशास्त्रज्ञांनी खोडून काढला तर मी मागे घेईन. रेडियमचे किरण जास्त खोल जात, पण रेडियम ग्रॅमात मिळायचं आणि सोन्याहून कितीतरी महाग होतं.

कोबाल्ट-६० हा अणुभट्टीचा मुलगा. साधा कोबाल्ट भट्टीत ठेवला की न्यूट्रॉन गिळून किरणोत्सारी होतो. त्याचे गॅमा किरण १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. त्यांची खुबी अशी की जास्तीत जास्त डोस कातडीवर बसत नाही, अर्धा सेंटिमीटर आत बसतो. दहा सेंटिमीटरवर निम्म्याहून जास्त उरतो. कातडी वाचते आणि गाठीला पुरेसं मिळतं. युद्धानंतर जगात फार थोड्या ठिकाणी असा तीव्र स्रोत बनवता येत होता. त्यातली एक होती कॅनडातल्या चॉक रिव्हरची एनआरएक्स भट्टी. जॉन्सनं १९४९ साली स्रोत मागितला. भट्टीत तीन स्रोत शिजले, एक सस्काटूनसाठी, एक ओंटारिओ प्रांतातल्या लंडन शहरासाठी आणि एक अमेरिकेसाठी. प्रत्येक सुमारे १००० क्युरीचा, म्हणजे जवळपास दीड किलो रेडियमच्या तोडीचा. कोबाल्टच्या मूठभर चकत्यांत हे सगळं.

सस्काटूनचं यंत्र गावातल्याच ॲक्मी नावाच्या यंत्रशाळेत जॉन मॅके यांनी घडवलं. हे मला फार आवडतं. शिशाचं डोकं, त्यात स्रोत, आणि स्रोत भोकासमोर आणून परत लपवणारी यंत्रणा, हे सगळं एका स्थानिक कारागिरानं बसवलं. लंडनचं यंत्र मात्र एल्डोरॅडो या सरकारी कंपनीनं बनवलं होतं, आणि पुढं बाजारात गेलं तेही त्याच घराण्याचं.

आता तारखा. लंडनमध्ये पहिल्या पेशंटला कोबाल्टचा डोस मिळाला २७ ऑक्टोबर १९५१ रोजी. सस्काटूनमध्ये ८ नोव्हेंबर १९५१ रोजी. बारा दिवसांचं अंतर. पहिला नंबर कुणाचा, यावर कॅनडात आजही प्रेमळ भांडण आहे, आपल्याकडच्या मिसळ कोल्हापुरी की पुणेरी या वादासारखं. पण सस्काटूनचा स्रोत उन्हाळ्यातच येऊन पडला होता. मग पहिला पेशंट नोव्हेंबरात का?

कारण मधले आठवडे जॉन्स आणि त्याचे विद्यार्थी मोजत बसले होते.

नव्या प्रकारच्या किरणांसाठी, किती खोलीवर किती डोस पोचतो याचे तक्ते कुठंच नव्हते. ते करायचे म्हणजे काय, ते सांगतो. पाण्याची टाकी घ्यायची, कारण किरणांच्या दृष्टीनं माणूस म्हणजे बहुतांशी पाणी. टाकीत बोटाएवढं चेंबर सोडायचं, आणि किरणांमुळं त्यातल्या हवेत तयार झालेला विद्युतभार मोजायचा. मग चेंबर अर्धा सेंटिमीटर खाली, एक सेंटिमीटर खाली, दोन, तीन, असं वीसपर्यंत. हे झालं एका फील्डचं, म्हणजे झोताच्या एका आकाराचं. मग फील्ड बदलायचं. चार बाय चार, पाच बाय पाच, दहा बाय दहा, पंधरा बाय वीस. मग अंतर बदलून पुन्हा सगळं. मग मध्यरेषा सोडून कडेला. प्रत्येक आकडा दोनदा, आणि जुळला नाही तर तिसऱ्यांदा. या कामात नाट्य अजिबात नाही. वर्तमानपत्रांना यंत्राला 'कोबाल्ट बॉम्ब' म्हणायची हौस होती, हिरोशिमाला सहाच वर्षं झाली होती. इकडे मोजणाऱ्यांसमोर पाण्यानं भरलेली टाकी आणि वहीतले रकाने.

मोजणाऱ्यांत एक होती सिल्व्हिया फेडोरुक. कनोरा गावाजवळच्या युक्रेनी वंशाच्या शिक्षकाची मुलगी, वय चोवीस, जॉन्सची विद्यार्थिनी. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी घेतलेल्या मोजणीतून तक्ते तयार झाले. कामाचा पहिला वृत्तांत त्याच डिसेंबरात 'नेचर'मध्ये छापून आला, लेखकांच्या यादीत विद्यार्थ्यांची नावं गुरूच्या बरोबरीनं होती. पुढं ही बाई कॅनडाच्या अणुऊर्जा नियंत्रण मंडळावर नेमली गेलेली पहिली स्त्री झाली, विद्यापीठाची कुलपती झाली, १९८८ ते १९९४ प्रांताची लेफ्टनंट गव्हर्नर झाली. १९६१ साली कर्लिंग या बर्फावरच्या खेळात राष्ट्रीय विजेत्या संघातही ती होती. राज्यपाल आणि क्रीडापटू झालेली मेडिकल फिजिसिस्ट मला दुसरी माहीत नाही. आमच्या पेशातल्या मुलींना मी तिचं नाव सांगतो. त्या लगेच फोनवर शोधतात आणि मग मला कर्लिंगचे नियम समजावतात.

लंडनच्या डॉक्टरांनी घाई केली, असं मला म्हणायचं नाही. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या पेशंटसमोर घाईचा अर्थ वेगळा असतो. पण सस्काटूनमध्ये पहिल्या पेशंटच्या आधी जे वहीत उतरलं, ते त्या एका यंत्रापुरतं राहिलं नाही. ते आकडे छापले गेले, आणि जगभर जिथं जिथं कोबाल्टचं यंत्र उभं राहिलं तिथं तिथं ते वापरले गेले. सस्काटूनची ती पहिली पेशंट ४३ वर्षांची, चार मुलांची आई. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बराच पुढं गेलेला. ती बरी झाली आणि नव्वदीपर्यंत जगली. ते यंत्र १९७२ पर्यंत चाललं, आणि त्याखाली ६,७२८ पेशंट झोपले.

जॉन्सनं १९५३ साली पुस्तक लिहिलं. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याचं नाव बदललं, आणि १९८३ साली जॅक कनिंगहॅमसोबतची चौथी आवृत्ती आली. आमच्या पिढीनं ते 'जॉन्स-कनिंगहॅम' असं एका दमात, एकाच माणसाचं नाव असल्यासारखं म्हटलं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी गणितं आहेत आणि ती सोडवल्याशिवाय प्रकरण कळत नाही. वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पहिल्या गणिताला हात घातला की वाटणं संपतं. लेखकानं हे मुद्दाम केलंय, असा मला दाट संशय आहे.

१९५६ साली जॉन्स टोरांटोला गेला. तिथं प्रिन्सेस मार्गारेट हॉस्पिटल उभं राहत होतं, त्यातल्या फिजिक्स विभागाचा तो प्रमुख. एरवी जीवनगौरवात मानसन्मानांच्या ज्या यादीची लांबण लागते, ती मी टाळतो. त्यापेक्षा त्याच्या एका विद्यार्थ्याबद्दल सांगण्यात मला जास्त रस आहे. जेम्स टिल. सस्कॅचवानच्या सीमेवरच्या शेतकऱ्याचा मुलगा, जॉन्सच्या हाताखाली कोबाल्टवर काम करून पुढं येलहून डॉक्टरेट केलेला. टोरांटोच्या त्या संस्थेत तो अर्नेस्ट मॅककुलक या डॉक्टरबरोबर उंदरांवर प्रयोग करत होता. किरणं देऊन उंदरांची अस्थिमज्जा नष्ट करायची, मग निरोगी मज्जापेशी टोचायच्या आणि उंदीर वाचतात का पाहायचं. उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी दिसल्या. अनेकांनी त्या बघून सोडल्या असत्या. मॅककुलकनं मोजल्या, आणि टिलबरोबर त्यांचा हिशेब मांडला. जितक्या पेशी टोचल्या तितक्या प्रमाणात गाठी, सरळ रेषेत. म्हणजे प्रत्येक गाठ एका पेशीपासून उगवलेली असणार. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून रक्ताच्या मूळ पेशींचं, आज ज्यांना स्टेम सेल म्हणतात त्यांचं, अस्तित्व प्रयोगानं दाखवलं गेलं. डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ मिळून मोजत राहिले, म्हणून जीवशास्त्राला एक नवा विभाग मिळाला. जॉन्सच्या प्रशिक्षणाबद्दल यापेक्षा वेगळं प्रमाणपत्र कशाला हवं?

आपल्याकडे हा धागा पोचला तो ट्रॉम्बेला. १९६२ साली तिथं रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा सुरू झाला, आणि देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांना फिजिसिस्ट पुरवणारं ते एकमेव दार बरीच वर्षं राहिलं. अणुशक्तिनगरच्या वर्गात आम्ही ते पुस्तक झेरॉक्सवरून वाचलं. यंत्रं बहुतेक कॅनडाची. एल्डोरॅडोच्याच वंशातली थेराट्रॉन. हॉस्पिटलात 'मशीन' शब्दच कुणी वापरत नसे. "थेराट्रॉनवर किती पेशंट झाले?" असंच विचारायचे. पुढं आपल्याच लोकांनी भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र बनवलं. पहिलं खारघरला बसलं, आणि आता ते परदेशांतही गेलंय. गंमत अशी की श्रीमंत देशांनी कोबाल्ट सोडून विजेवर किरण तयार करणारे रेखीय त्वरक घेतले, तरी वीज जाणाऱ्या गावांत कोबाल्ट अजून उपयोगी आहे. त्याला वीज लागते ती स्रोत पुढं-मागं करायला. किरणं तो स्वतःच सोडतो, रात्री सगळे झोपल्यावरही.

आता माझ्या चुकीबद्दल. काकू, इथं अट मोडतोय.

मी नवखा होतो. दख्खनच्या पठारावरच्या एका हॉस्पिटलात, नाव सांगत नाही, नवीन कोबाल्ट यंत्राचं आउटपुट मोजायला मला पाठवलं. चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. हवा विरळ असेल तर आयन कमी तयार होतात आणि वाचन कमी येतं. म्हणून तापमान आणि हवेचा दाब मोजून वाचन दुरुस्त करायचं असतं. तिथल्या बॅरोमीटरचा पारा सांडलेला होता. मी हुशारी केली. हवामानाच्या बातमीतला आकडा घेतला आणि ७५८ मिलिमीटर लिहिला. गणित केलं, यंत्र अपेक्षेपेक्षा थोडं कमजोर निघालं, मी त्याप्रमाणे वेळांचे तक्ते टाइप करून भिंतीवर चिकटवले. सोमवारी पहिला पेशंट.

शनिवारी सर आले. माझी वही चाळली आणि थांबले. "हा आकडा मुंबईचा वाटतो," म्हणाले. मी म्हटलं, सर, बातमीतला आहे. त्यांनी विचारलं, "तुझ्या गावात पाणी किती अंशाला उकळतं?"

बातमीतला दाब समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो, सगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून. आमचं गाव साडेपाचशे मीटर उंचीवर. खरा दाब होता ७११च्या आसपास. फरक साडेसहा टक्के. यंत्र कमजोर नव्हतं, माझी दुरुस्ती अपुरी होती. प्रत्येक पेशंटला रोज साडेसहा टक्के जास्त डोस गेला असता, आणि कुणालाच गरम लागलं नसतं. सर ओरडले नाहीत. भिंतीवरचे तक्ते त्यांनी स्वतः काढले, घडी करून खिशात ठेवले. रविवारी आम्ही दोघांनी पुन्हा सगळं मोजलं, त्यांनी मुंबईहून आणलेल्या बॅरोमीटरवर. ते कागद त्यांनी किती वर्षं जपून ठेवले होते, ते मला काकूंकडून कळलं.

अशा चुका जगात झालेल्या आहेत, आणि सगळ्याच शनिवारी पकडल्या गेल्या नाहीत. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९७४ ते १९७६ या काळात ४२६ पेशंटना एका कोबाल्ट यंत्रावर जास्त डोस गेला. कारण कॉमर्सच्या मुलांना चटकन कळेल. घसारा दोन पद्धतींनी काढतात, सरळरेषेनं आणि घटत्या शिल्लकेवर. कोबाल्टचा घसारा घटत्या शिल्लकेवरचा असतो, दर महिन्याला उरलेल्याच्या सुमारे एक टक्का, सव्वापाच वर्षांत निम्मा. तिथं आलेख साध्या कागदावर काढून रेषा पुढं ओढली गेली. कागदावर यंत्र झपाट्यानं कमजोर होत गेलं, प्रत्यक्षात तेवढं झालंच नव्हतं, आणि उपचाराची वेळ वाढवत गेले. बावीस महिने कुणी पुन्हा चेंबर ठेवून मोजलं नाही. फिजिसिस्ट नव्या यंत्राच्या कामात गुंतलेला होता. इंग्लंडमध्ये एक्सेटरला १९८८ साली नवा स्रोत बसवताना मोजणीत पंचवीस टक्क्यांची चूक झाली, आणि २०७ पेशंटना तो जास्तीचा डोस मिळाला.

अशा चुका पकडाव्यात म्हणून १९६९ पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना मिळून टपालानं डोस टिपून ठेवणाऱ्या लहान वस्तू पाठवतात. बरीच वर्षं त्या लिथियम फ्लोराइडच्या पुड्या असायच्या. हॉस्पिटलानं त्या पाण्यात ठेवून २ ग्रे द्यायचे आणि परत पाठवायच्या. तिकडे मोजतात, पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला की पत्र येतं. आपल्या देशात ही तपासणी भाभा अणुसंशोधन केंद्र करतं. परीक्षेचा निकाल म्हणून मी ते पाकीट नेहमी उभ्यानंच उघडलं.

आज संगणक सगळं गणित करतो. जॉन्सच्या टोरांटोच्या विभागात कनिंगहॅमनंच त्याची सुरुवातीची पायवाट घातली. पडद्यावर रंगीत नकाशा येतो, गाठ लाल, कणा निळा. नवे विद्यार्थी मला विचारतात, सर, आता हातानं मोजायचं कशाला? मी त्यांना विचारतो, संगणकाला दाब कुणी सांगितला?

जॉन्स १९९८ साली गेला, त्र्याऐंशीव्या वर्षी. सस्काटूनचं पहिलं यंत्र तोवर केव्हाच थांबलं होतं.

मागच्या महिन्यात एका जिल्ह्याच्या गावातून माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. नवीन यंत्र बसलंय, मोजणी निम्मी झालीय, आणि विश्वस्तांनी मंत्र्यांची तारीख घेऊन ठेवलीय. त्याच दिवशी पहिला पेशंटही ठेवलाय, फोटो काढायचाय म्हणून. तिला बारा दिवस हवे होते, आणि मागायचे कसे, कळत नव्हतं. मी तिला म्हटलं, एकवीस माग, बारा मिळतील. आणि उद्घाटनाला नाही म्हणू नकोस. मंत्र्यांना पाण्याच्या टाकीवर बटण दाबू दे.

तिला चौदा मिळाले.